बॅटरीवाले आगटीवर

आधीच सांगून ठेवते. मले कोणी म्हातारी म्हटलं तर मी ऐकून घेते, वय झालंच आहे. पण बॅटरीच्या सायकलीले कोणी खेळणं म्हटलं तर मी त्याले सोडत नाई, मग तो माझा नवरा असो नाईतर किसनभाऊजी असोत. दोघायनीही म्हटलं होतं. दोघायचं पुढं काय झालं, तेच सांगाले बसली आहे.

मी पौर्णिमा. सेवाग्रामच्या दवाखान्यात नर्स होती. आमचे हे, मधुकरराव, तिथंच वायरमन. राहाले आम्ही पहिलेपासून सिंदी मेघेले. नोकरीत होतो तेव्हा आमच्याकडून ड्युटीवर जाणाऱ्या सायकलींची फौजच निघे. प्रयोगशाळेतले नत्थूजी, स्वयंपाकघरातले बंडूजी, आमचे हे, अन् बायायमधून मी एकटी. माझं माहेर रोहण्याचं, तिथं शाळेत असतानाच भावाच्या सायकलीवर कैची मारत शिकलेली. पांढऱ्या साडीच्या निऱ्या पिनेनं आवळायच्या, डबा हँडलले लटकवायचा अन् निघायचं. थंडीत नाकातून पाणी गळे, उन्हाळ्यात जीव जाई, पण गप्पा अशा रंगत की दवाखाना कधी आला ते समजत नव्हतं.

किसनभाऊजी दवाखान्याच्या भांडारात होते. त्यायचं वावर सेवाग्रामच्या पलीकडे, रस्त्याले लागून. एका हिवाळ्यात आमच्या ह्यायनी त्यायले डिवचलं, "किसन्या, एवढं वावर आहे, कधी हुरड्याले बोलावशील का नाई?" झालं, किसनभाऊजीनं सगळ्या सायकलवाल्यायले बोलावलं. त्या दिवशी आमच्या ऑफिसातले मोठे बाबू नवी कोरी फटफटी घेऊन आले. किसनभाऊजी म्हणाले, "साहेब, तुमचा काही घाम निघाला नाई. आता आगटीवर बसा अन् आमच्यासाठी कणसं भाजा." सगळे हसले, साहेबही हसले, अन् खरोखर जाऊन बसले. तेव्हापासून नियमच पडला. सायकलवर आला तो चटईवर, मोटरवर आला तो आगटीवर. आगटी म्हणजे गोवऱ्यायच्या विस्तवाचा खड्डा. तिथं बसून धूर खायचा, ज्वारीची कोवळी कणसं भाजायची, हातावर चोळून हुरडा काढायचा अन् चटईवरच्यायले वाढायचा. आपण शेवटी खायचं.

तुम्ही म्हणसान, एवढ्याशा हुरड्याचं काय घेऊन बसली ही बाई. अवो, आमच्या पोराचं, सुमीतचं लग्न जमलं ते त्या चटईवर. नत्थूजीची बायको गेली, त्या साली नत्थूजी पहिल्यांदा हसले ते त्या चटईवर. वर्षभर कोणी कोणाले भेटो न भेटो, हुरड्याले सगळे येत.

मग वय झालं. कोणाचे गुडघे गेले, कोणाची कंबर, कोणाले पोरांनी सायकल चालवाले मनाई केली. मागच्या हिवाळ्यात तर कहर झाला. आमच्या ह्यायच्या छातीत, हृदयाच्या नळीत, जाळी बसवली होती, म्हणून आम्ही गेलोच नाई. बंडूजी पुतण्याच्या कारमधून गेले. अन् नत्थूजी गेले बॅटरीच्या सायकलवर. किसनभाऊजीनं ती सायकल पुढून पाह्यली, मागून पाह्यली अन् विचारलं, "ह्याच्यात मोटर आहे का नाई?"

"आहे, पण पायडलही..."

"पण-बिण काही नाई. हे खेळणं तिकडे लावा अन् आगटीवर बसा."

म्हणजे चटईवर कोणीच नाई! किसनभाऊजी एकटेच बसलेले. तेव्हा रागारागात बोलून गेले, "पुढच्या साली एकही खरी सायकल आली नाई, तर हुरडा बंद. ही वाणीची, खास हुरड्याची ज्वारी मी फक्त तुमच्यासाठी पेरतो, अर्धी तर पाखरंच खातात. त्या तुकड्यात चणा टाकून देतो." त्यायचा पोरगा नागेश तर तेवढ्याचीच वाट पाहून राह्यला होता. आजकाल आमच्याकडे ज्वारी पेरतंच कोण?

हे सगळं नत्थूजीनं येऊन ह्यायले सांगितलं. हे ओसरीतल्या खुर्चीत बसले होते, तसेच बसून राह्यले.

त्या खुर्चीले मी इतकी वैतागली होती की काय सांगू. पाऊस असो, वादळ असो, दवाखान्याची लाइन गेली की खांबावर चढणारा माणूस हा. आता वरच्या फळीवरचा डबा काढाले मले हाक मारे. सकाळी पेपर वाचत, दुपारी तोच पेपर पुन्हा वाचत. डॉक्टरांनी चांगलं बजावलं होतं, फिरा, हलकी सायकल चालवा, काही होत नाई. पण ह्यायची काळी सायकल घराबाजूच्या बोळीत जुन्या चादरीखाली झाकून ठेवलेली. मी नर्स आहे, मले समजत होतं. जाळी छातीत बसली होती अन् भीती डोक्यात.

उन्हाळ्यात सुमीत पुण्याहून आला. त्यानं ह्यायले असं पाह्यलं अन् वर्ध्यातल्या दुकानातून सरळ बॅटरीची सायकल घरी आणून उभी केली. ह्यायनी खुर्चीतूनच पाह्यलं.

"हे काय?"

"बाबा, तुमच्यासाठी. पायडल मारायचं, मोटर मदत करते. चढावर दमायचं काम नाई."

"म्हाताऱ्यायचं खेळणं आहे हे. मी जन्मभर माझ्या पायानं चाललो. अन् किसन्याले समजलं तर मलेही आगटीवर बसवीन तो."

सुमीतचं तोंड एवढंसं झालं. मले असा राग आला! म्हटलं, ठीक आहे, तुम्हाले नको ना? मले पायजे. दुसऱ्या दिवशी पहाटे निऱ्या खोचल्या अन् काढली बाहेर. किती वर्षांनी सायकलवर बसली असेन. पह्यले हँडल थरथरलं, मग मी पायडल मारलं अन् मागून कोणी हलकेच हात लावावा तशी ती निघाली. अरे बाप्पा! गुडघा दुखला नाई. दम लागला नाई. गल्लीच्या टोकाशी जाऊन वळली तेव्हा मी जोरजोरात घंटी वाजवून राह्यली होती, अन् समोर कोणीच नव्हतं.

मग काय, भाजीले सायकल, बँकेत सायकल, लग्नाले सायकल. कोणाले "बाबा रे, जरा सोडून दे ना" म्हणायची पाळी नाई. लोक पाहाले लागले. पह्यले आले सदाशिवराव मास्तर.

"वहिनी, लायसन लागते का?"

"नाई लागत."

"अन् पडलं तर?"

"पडलं तर उठायचं. लहानपणी काय करत होते तुम्ही?"

मास्तरांनी घेतली. मग त्यायच्या मिसेस अस्मिताबाई म्हणाल्या, मी काऊन मागं बसू, मलेही पायजे. त्यायले मी मैदानावर शिकवलं, कॅरिअर धरून मागं पळाले मास्तर. मग पोस्टातले एक जण, मग त्यायचा साळा. आमच्या गल्लीत पह्यले ओसरीत चपला दिसत, आता चार्जर दिसतात. पोरं आपली कारमधे बसून सिग्नलवर अडकलेली, अन् म्हातारे घंटी वाजवत बाजूनं पार. दसऱ्याले वाहनांची पूजा करतात ना, तर या साली सगळ्यायनी आपापल्या बॅटरीच्या सायकली मंदिरासमोर ओळीनं लावल्या, झेंडूच्या माळा घातल्या. मी त्या ओळीकडे पाहत उभी होती अन् मले असं वाटत होतं की ह्या सगळ्या माझ्याच लेकी आहेत. खोटं काऊन बोलू?

आमच्या ह्यायनी त्या दिवशी बोळीतल्या काळ्या सायकलीवरची चादर काढली, तिले एकटीले कुंकू लावलं अन् पुन्हा झाकून ठेवली.

पण माणूसच तो. दिवाळी झाल्यावर एका सकाळी उठून पाहते तर सायकल जागेवर नाई. मी घाबरली, चोरी झाली वाटलं. तेवढ्यात हे मैदानाकडून आले, सायकलवर, कान लाल.

"कुठं गेलते?"

"ब्रेक पाहून राह्यलो होतो."

"एवढा वेळ?"

"ब्रेक दोन असतात."

मी तोंडाले पदर लावून स्वयंपाकघरात गेली. हसली, अन् थोडी रडलीही. त्या दिवसापासून रोज ब्रेक पाहाले जायचे. आधी मैदान, मग बाजार, मग थेट नत्थूजीच्या घरापर्यंत. वरच्या फळीवरचा डबा आता मले न विचारता खाली येऊ लागला. अन् मले माझी सायकल मिळेना! नवऱ्याशी रोज भांडण्यापेक्षा दुसरी घेतलेली बरी म्हणून मी माझ्या पेन्शनमधून दुसरी घेतली, निळी.

जानेवारीत किसनभाऊजीचा फोन आला. मोजकंच बोलले, "हुरडा आहे रविवारी. सायकल आणजो, मधू. खरी." अन् ठेवून दिला.

आमचे हे विचारात पडले. शनिवारी सकाळी पाहते तर बोळीत काळ्या सायकलीची चादर बाजूले, अन् हे चाकात हवा भरून राह्यले. मी कमरेवर हात ठेवून समोर उभी राह्यली.

"ह्या सायकलवर तुम्ही एवढं लांब गेले तर मी तुमच्यासोबत येणार नाई. बायको म्हणून नाई, नर्स म्हणून सांगते."

"मग एकही खरी सायकल नाई राहत, पौर्णिमा. बंडूनंही बॅटरीवाली घेतली. हुरडा बंद पडेल. अन् सुरू कोणी केला होता? मीच डिवचलं होतं ना किसन्याले?" हे पुन्हा पंप मारू लागले. "माझ्या डोळ्यादेखत बंद पडेल तो."

"अन् तुम्हीच बंद पडले तर हुरडा काय चाटायचा मले? आपण बॅटरीवर जाऊ. आगटीवर बसवतील तर बसवतील. आगटीही त्याच वावरात आहे ना? माणसायमधे तर बसाल!"

ह्यायनी पंप भिंतीले टेकवून ठेवला. मग म्हणाले, "बरं."

आता ह्याच्यापुढं जे झालं ते फक्त आमच्याच घरात होऊ शकते. रोज दोन्ही सायकली दुपारी मी माझ्या नजरेसमोर चार्जिंगले लावते. त्या दिवशी हे संध्याकाळी नत्थूजीकडे जाऊन आले अन् म्हणाले, "माझ्या गाडीचं मी पाहीन. वायरमन मी आहे, तू नाई." जेवण झाल्यावर चार्जर लावला, लाल लाइट लागला, मले बोलावून दाखवला. अन् मग झोपाच्या आधी नेहमीसारखे घरभर फिरले. ह्यायची नोकरीपासूनची सवय आहे ही. एकेका बोर्डाशी जाऊन सगळे बटन बंद करायचे. फ्रिज तेवढा वाचतो, तोही मी ओरडते म्हणून. त्या हातानं आजवर एकही बटन चुकवलं नाई, अन् त्या दिवशीही नाई चुकवलं.

रविवारी सकाळी धुकं होतं. मी जवसाची चटणी अन् दह्याचा डबा पिशवीत घेतला, ह्यायनी मफलर बांधला अन् आम्ही निघालो. काय सांगू तुम्हाले! दोघं जोडीनं, तोच रस्ता, तेच कडुलिंब. हे पुढं, मी मागं. सेवाग्राम आलं तसं ह्यायनी सवयीनं दवाखान्याकडे मान वळवली अन् मीही वळवली.

सेवाग्राम मागं पडलं अन् थोड्या वेळानं ह्यायची सायकल हळू झाली. मग आणखी हळू. मग हे खाली उतरले.

"काय झालं?" माझा हात आधी ह्यायच्या मनगटाकडे गेला.

"मले काही नाई झालं. हिले झालं." हँडलवरचा लाइट विझला होता. चाबी फिरवून पाह्यली, काही नाई. मी ह्यायच्या तोंडाकडे पाह्यलं, ह्यायनी दुसरीकडे पाह्यलं.

"काल बोर्डाचं बटन बंद केलं तुम्ही?"

"सगळेच बंद करतो मी," हे हळूच बोलले.

"अन् म्हणे वायरमन!" मले इतकं हसू आलं की मी सायकलले धरून उभी राह्यली. हेही हसले. मग हसणं थांबलं, कारण पुढं नाल्यावरचा चढ होता, अन् ती सायकल बॅटरीशिवाय म्हणजे नुसतं लोखंड.

"नागेशले फोन करते. टेम्पो घेऊन येईल."

"टेम्पोत बसून गेलो तर मी आगटीवरही बसणार नाई. सरळ घरी जाईन."

"मग माझी घ्या. मी तुमची चालवते."

"तुह्या गुडघ्यानं?" असं म्हणून हे सीटवर बसले अन् पायडल मारलं. सायकल हलेना. पुन्हा मारलं. मग ती कुरकुरत निघाली.

मी मागं. बॅटरी एकदम कमी करून मी त्यायच्या मागं चालवून राह्यली होती अन् ह्यायच्या मानेकडे पाहून राह्यली होती. इतके वर्षं पेशंट पाह्यले, मागून मान पाहूनही मले समजते. मान सरळ होती. खांदे हलत होते, पण मान सरळ होती. चढ सुरू झाला तशी मी पुढं जाऊन सायकल आडवी लावली.

"उतरा."

"अगं जमते मले."

"उतरा म्हणते ना!"

उतरले. नाडी पाह्यली. जोरात होती, पण सरळ होती, एक ठोका इकडचा तिकडं नाई. माझी सायकल तिथंच बाभळीखाली उभी केली अन् ह्यायची सायकल दोघायनी मिळून ढकलली. एक हात ह्यायचा, एक माझा. मग मी खाली येऊन माझी घेऊन वर गेली, तिले काय, मोटर होती. वर गेली तर हे बसलेच होते सीटवर, पाय जमिनीले टेकवून माझी वाट पाहत. चेहऱ्यावर घाम अन् असं हसू, जसे पहिल्या पगाराच्या दिवशी घरी आलते.

"आता सपाट आहे," म्हणाले. "आता तू माझ्यामागं नको, बाजूनं चाल."

अन् मग ह्या माणसानं, जो दिवाळीपर्यंत खुर्चीतून उठत नव्हता, त्यानं ते लोखंड पायानं वावरापर्यंत नेलं. मधात थांबलो, पाणी प्यालो, पुन्हा निघालो. मी बाजूनं चालत होती अन् रस्त्यानं जाणाऱ्या-येणाऱ्या सगळ्यायले ओरडून सांगावंसं वाटत होतं की हा माझा नवरा आहे, पाहून घ्या.

वावरात नत्थूजी अन् बंडूजी आधीच आगटीवर बसले होते, डोळे धुरानं लाल. बाजूले त्यायच्या सायकली. चटई अंथरलेली, रिकामी. किसनभाऊजी फाटकात काठी टेकून उभे.

"बॅटरी?" त्यायनी विचारलं.

"बॅटरी," आमचे हे म्हणाले.

भाऊजीचं तोंड पडलं. मागं वळून काठीनं आगटी दाखवली, "बस मग तिकडे." नागेशकडे न पाहता म्हणाले, "संपलं तर मग. चणाच टाक."

मी पेटलीच. "भाऊजी, थांबा. आधी हात लावून पाहा ह्या गाडीले. बॅटरी मेलेली आहे. ह्या वायरमननं स्वतःच्या हातानं चार्जिंग बंद करून ठेवलं रात्री. सेवाग्राम मागं पडलं तिथून, चढासकट, पायानं आणली ह्यायनी. जाळी बसवलेल्या माणसानं!"

भाऊजीनं चाबी फिरवली. काही नाई. हँडल धरून सायकल उचलून पाह्यली, पुढचं चाक जेमतेम हललं. मग ह्यायच्या ओल्या सदऱ्याकडे पाह्यलं.

"ही पायानं आणली तू, मधू?"

"चढावर ही ढकलू लागली."

भाऊजीचे डोळे भरले. काठी तशीच टाकून दिली अन् ह्यायचा हात धरला. "ये. चटईवर ये. एक खरी सायकल आली रे, नागेश! हुरडा चालू राहील!"

नत्थूजी टाळ्या वाजवाले लागले. बंडूजी कणीस हातात घेऊनच उठून उभे राह्यले. मी तर पिशवी छातीशी धरून नुसती पाहून राह्यली होती.

पण आमचे हे चटईवर बसले नाईत. चटईच्या काठाशी गेले, थांबले, अन् वळून आगटीकडे आले.

"मधू, अरे तिकडे कुठं?"

"इकडेच बरा आहे मी, किसन्या. आज तेवढ्या रस्त्यात ती मी पायानं आणली, खरं आहे. पण हे पाय कोणी केले? दोन महिने ह्या बॅटरीनं मले मैदानावर फिरवलं, बाजारात नेलं, तेव्हा कुठं हे पाय झाले. ती नसती तर मी आज ओसरीत पेपर वाचत बसलो असतो. तिले सोडून मी चटईवर बसू? नत्थू बॅटरीवाला, बंडू बॅटरीवाला, माझी बायको बॅटरीवाली. मीही बॅटरीवालाच." अन् नत्थूजीच्या बाजूले बसून एक कणीस उचललं अन् विस्तवावर धरलं.

मले असं वाटलं की इथंच ह्यायची आरती ओवाळावी. मीही जाऊन बसली. बाजूच्या चुलीवर वांगी भाजत असलेल्या रुखमाबाई, भाऊजीच्या मिसेस, हात थांबवून आमच्याकडे पाहत होत्या.

"मग भाजून कोणासाठी राह्यले तुम्ही?" भाऊजीनं तिकडून विचारलं.

"तुमच्यासाठी," बंडूजी म्हणाले. "तुम्ही एकटेच खरे सायकलवाले. बसा चटईवर, वाढतो आम्ही."

भाऊजी चटईकडे पाहत उभे राह्यले. बसले नाईत.

"मी कुठं सायकलवर आलो?" ते हळूच म्हणाले. "मी तर इथंच असतो. माझी सायकल गोठ्यात टांगली आहे, टायर सडले तिचे."

"दोन साल झाले, ह्या फाटकाबाहेर पाय टाकला नाई ह्यायनी," रुखमाबाई बोलल्या. इतके वर्षं हुरडा खाल्ला, पण ही बाई एवढं बोललेली मी पहिल्यांदा ऐकली. "गुडघ्यानं चालणं होत नाई अन् पोराच्या मागं बसाची लाज वाटते. तुम्ही सायकलवर आले की ह्यायले वाटे, आपलंही चालू आहे."

"रुखमा," भाऊजी म्हणाले, पण रागानं नाई.

मी उठली. माझ्या निळ्या सायकलीची चाबी काढली अन् त्यायच्या हातावर ठेवली. "ही भरलेली आहे. मी चार्ज केली आहे, वायरमननं नाई. बसा."

"नाई, वहिनी. मले नाई जमायचं."

"पडलं तर उठायचं. हे एवढे बसले आहेत उचलाले."

नत्थूजीनं कॅरिअर धरलं, नागेशनं हँडल. भाऊजी बसले. मी पायडल दाखवलं. हँडल थरथरलं, नत्थूजी बिचारे चार पावलं पळाले अन् सोडून दिलं. भाऊजी आगटीभोवती एक चक्कर मारतील असं आम्हाले वाटलं होतं. ते सरळ फाटकातून बाहेर गेले अन् रस्त्याले लागले. धोतराचा सोगा उडत होता. मागं वळूनही पाह्यलं नाई.

आम्ही हुरडा चोळत बसलो. चोळलेला हुरडा गार झाला. रुखमाबाई दोनदा फाटकाशी जाऊन आल्या. नागेश मोटरसायकल काढाले उठला तर मी त्याले हात धरून खाली बसवलं. "बस रे बाप्पा. येतील ते."

मग दुरून घंटी ऐकू आली. कोणी वाटेत नसताना वाजवून राह्यले होते. मी आमच्या ह्यायकडे पाह्यलं, ह्यायनी माझ्याकडे.

भाऊजी फाटकातून आत आले. मफलर खांद्यावर, डोळ्यातून पाणी, वाऱ्यानं म्हणा का कशानं म्हणा. जुन्या ऐटीत एक पाय टेकवून थांबले.

"नागेश, त्या तुकड्यात चणा नको टाकजो. पुढच्या साली वाणीच पेरजो. अन् थोडी जास्त पेरजो."

रुखमाबाईनं चटई उचलून आगटीजवळ आणून टाकली. पण भाऊजी तिच्यावर बसले नाईत. सायकल आमच्या सायकलींच्या ओळीत नीट उभी केली, काठीशिवाय चालत आगटीपर्यंत आले अन् आमच्या ह्यायले कोपरानं ढोसलं.

"सरक जरा, मधू. मी मोटरवर आलो."